बॅले शिकणाऱ्या मुलांचा छळ ओळखताना: पालकांसाठीच्या एका ऑनलाइन वर्गाचे परीक्षण

बॅलेच्या प्रशिक्षणात मुलांचा होणारा छळ कसा ओळखावा आणि त्यावर काय करावे, हे पालकांना शिकवणारा एक ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. त्याचा पूर्वार्ध मोलाचा आहे. उत्तरार्ध मात्र अपुरा वाटला.

वर्गाचा पाया डॅन ऑल्वेयस या मानसशास्त्रज्ञाची छळाची व्याख्या आहे: त्रास देण्याचा हेतू, त्याची पुनरावृत्ती आणि दोन बाजूंच्या बळातील तफावत. बॅलेला ही व्याख्या लावणे अवघड आहे, कारण तेथे अंगाबरोबर बसणाऱ्या पोशाखात, आरशासमोर आणि सर्वांदेखत चुका दाखवल्या जाणे हा शिक्षणाचाच भाग असतो. वर्गात यासाठी दिलेली कसोटी मला पटली. 'गुडघा अजून ताण' ही दुरुस्ती आहे, कारण ती ऐकून मुलाला पुढच्या क्षणी काहीतरी करता येते. 'या मांड्या घेऊन मंचावर जाणार का?' या प्रश्नावर त्याला फक्त खाली मान घालता येते. सर्वांसमोर वजन करून आकडा मोठ्याने वाचणे हेही याच दुसऱ्या प्रकारात मोडते.

मुलांनी एकमेकांना दिलेल्या त्रासाची उदाहरणेही नेमकी आहेत: बारपाशी (सरावात धरायच्या आडव्या दांड्यापाशी) एखादीच्या शेजारी कोणी उभे न राहणे, पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकावर नाचण्याचे बूट) लपवणे, पडतानाचा व्हिडिओ ग्रुपवर फिरवणे, भूमिका जाहीर झाल्यावर निवड झालेल्या मुलीशी अबोला धरणे. बॅलेच्या तासाच्या दिवशीच पोट दुखणे, जेवण टाळणे, पाळी लांबणे किंवा वारंवार ताणामुळे हाडाला तडा जाणे यांकडे 'मेहनतीचा परिणाम' म्हणून दुर्लक्ष करू नये, असे येथे बजावले आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये मांडलेल्या, खेळाडूंमधील ऊर्जेच्या कमतरतेच्या (मेहनतीच्या मानाने आहार अपुरा पडण्याच्या) संकल्पनेचा आधारही याला दिला आहे. बॅले शिकणाऱ्या मुलग्यांना बाहेर जे हिणवले जाते, त्याला मात्र जेमतेम एक वाक्य मिळाले आहे.

त्रास लक्षात आल्यावर तारीख, नेमके शब्द आणि तेथे उपस्थित असलेल्यांची नोंद ठेवावी, मुलाशी बोलल्याशिवाय शिक्षकांना जाब विचारायला जाऊ नये आणि तक्रार लेखीच द्यावी, हा सल्ला व्यवहार्य आहे. पण पुढची सारी मांडणी, संस्था ऐकून घेईल, या गृहीतावर उभी आहे. विएन्ना स्टेट ऑपेराच्या बॅले अकादमीत विद्यार्थ्यांना शारीरिक आणि मानसिक त्रास दिला जात असल्याचे आरोप २०१९ मध्ये उघड झाले आणि चौकशी समितीने मुलांच्या हिताचे पुरेसे रक्षण झाले नसल्याचे नोंदवले. म्हणजे नामांकित संस्थेतही हे गृहीत डळमळू शकते. जो शिक्षक अपमान करतो तोच भूमिका वाटतो, वरच्या तुकडीसाठी निवड करतो आणि शिफारसपत्रही लिहितो, तेव्हा तक्रारीची किंमत मूल मोजते, आणि हे त्याला पालकांच्या आधी कळलेले असते. बहुतेक मुले गप्प राहतात ती यामुळेच, असे मला वाटते. या पेचावर वर्गात अगदीच थोडे बोलले आहे, आणि संस्थेबाहेरच्या बालसंरक्षण यंत्रणेकडे केव्हा जावे, हे तर सांगितलेलेच नाही.

निवासी किंवा पूर्णवेळ प्रशिक्षणाला मूल पाठवण्यापूर्वी हा वर्ग जरूर करावा. तक्रार कोणाकडे करायची आणि ती व्यक्ती भूमिका वाटणाऱ्यांपेक्षा वेगळी आहे का, हे दोन प्रश्न मात्र प्रवेश घेतानाच स्वतः विचारून घ्यावेत.