निळ्या रंगाखालचं इंजिन : विमान घरी बांधणाऱ्यांनी पैसे देण्याआधी वाचावं असं

तुम्ही हलकं विमान स्वतः बांधत असाल आणि त्यासाठी जुनं, आधी वापरलेलं रोटॅक्स ५८२ इंजिन विकत घ्यायच्या विचारात असाल, तर हे वाचल्याशिवाय कुणाच्या हातात एक रुपयाही ठेवू नका. आमची साडेतीन लाखांना फसवणूक झाली. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की या इंजिनाच्या भरवशावर दोन माणसं हवेत जाणार आहेत, आणि तरीही त्याने ते विकलं. हे सगळं सविस्तर लिहायला बसलो त्याचं कारण तेच.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमच्या भावोजींचा मशीन शॉपचा गाळा आहे. त्याच्या मागच्या अर्ध्या भागात आम्ही दोन आसनांचं विमान बांधतोय, ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि कापडाचं. मदतीला टूलरूममधून निवृत्त झालेले एक काका रोज येतात. लोकांना हे वेड वाटतं, पण कांदिवलीच्या चारकोपमध्ये अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांसमोर उभं केलं, तेव्हापासून ‘होऊ शकतं’ एवढं तरी लोक मान्य करतात. आमचं विमान ठाण्यावरून उडणार नाही, हे आधीच सांगतो. नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) मिळाल्यावर, आणि जिथून परवानगी असेल त्याच धावपट्टीवरून.

सांगाडा झाला, कापड चढलं, इंजिनाची वेळ आली. ५८२ निवडण्यामागे सरळ हिशेब होता. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं, ६५०० आरपीएमला ६५ अश्वशक्ती, आणि वजनाला हलकं. शिवाय प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि दोन स्वतंत्र इग्निशन, म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं चालतं. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक ९१२ घेतलं असतं तर ८० अश्वशक्ती मिळाली असती आणि भरवसाही जास्त. पण किंमत आणि वजन दोन्ही वाढतं. टू-स्ट्रोक कधीही बंद पडू शकतं, त्यामुळे इंजिन थांबलं तर सुखरूप उतरता येणार नाही अशा जागेवरून उडू नका, असं खुद्द रोटॅक्सचं मॅन्युअल बजावतं. हे वाचूनच आम्ही ते निवडलं होतं. म्हणून तर इंजिन चांगलं मिळावं याचा एवढा आग्रह होता.

विक्रेता ओळखीतून आला. तुर्भ्याला एक गोदाम, भिंतीला टेकवून ठेवलेले दोन-तीन प्रोपेलर, टेबलावर लॉगबुकांची, म्हणजे इंजिनाच्या तासांच्या आणि दुरुस्तीच्या नोंदवह्यांची, चळत. बोलणं अत्यंत आदराचं. “काका, हे ब्लू हेड आहे. फक्त चाळीस तास चाललंय. एका क्लबचं स्पेअर होतं, तसंच पडून राहिलं.” हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ब्लू हेड म्हणजे ते निळं असलेलं सुधारित मॉडेल. इंजिन स्टँडवर चढवलेलं होतं. त्याने ते आमच्यासमोर सुरू करून दाखवलं, आवाज स्वच्छ होता. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावून दाखवलं, दोन्ही सिलिंडरचे आकडे उत्तम आणि जवळपास सारखे. आधी बयाणा आणि उरलेली रक्कम इंजिन टेम्पोत चढताना, असा व्यवहार ठरला. तसे पैसे गेले.

इंजिन गाळ्यावर आल्यावर काकांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, सोडलं. ५८२ चं एक्झॉस्ट काढलं की त्या भोकातून पिस्टनची बाजू आणि रिंगा डोळ्यांनी दिसतात. हेड उघडावं लागत नाही. टॉर्च मारली. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते. एक रिंग खोबणीत चिकटलेली, दाबली तर हलेना. काका काही बोलले नाहीत, त्यांनी सरळ हेडचे बोल्ट सोडायला घेतले. आणि तिथे दिसलं की निळा रंग बोल्टच्या डोक्यांवर होता, वॉशरवर होता, गॅस्केटच्या कडेवरही होता. कारखान्यात हेड रंगवून मग इंजिन जुळवतात. इथे जुळवलेल्या इंजिनावर कुणीतरी स्प्रे मारला होता.

हा रंग का मारला, ते समजून घ्या. ५८२ चं जुनं मॉडेल राखाडी हेडचं. पुढे सुधारलेलं ‘मॉडेल ९९’ आलं, त्याचं हेड निळं, म्हणून बाजारात त्याला ब्लू हेड म्हणतात आणि त्याला भाव जास्त. त्यात थर्मोस्टॅट हेडच्या आतच असतो आणि इंजिन तापेपर्यंत पाणी आतल्या आत फिरतं. जुन्या रचनेत धोका असा की सुरू केल्या केल्या पूर्ण थ्रॉटल दिलं तर पिस्टन पटकन तापून फुगतो, सिलिंडर मात्र अजून गारच असतो, आणि पिस्टन आत आवळला जातो. याला कोल्ड सीझर म्हणतात. विमान जमिनीवर बराच वेळ चालवल्यावर (टॅक्सी) किंवा इंजिन आयडलवर ठेवून खाली उतरत असताना रेडिएटरमधलं पाणी गार झालं आणि मग एकदम पॉवर दिली, तरी हेच होतं. आमच्या पिस्टनवरचे ओरखडे चार कोपऱ्यांवर होते. कोल्ड सीझरची ती ओळखीची खूण आहे. म्हणजे हे इंजिन एकदा आवळून बंद पडलेलं होतं. नंतर सिलिंडर एमरी पेपरने घासून साफ केला आणि वरून निळा रंग मारला.

आता यात विक्रेत्याचं एक वाक्य जोडा. पैसे मोजून झाल्यावर तो आम्हाला म्हणाला होता, “ब्लू हेडला वॉर्मअपची कटकट नाही काका, स्टार्ट केलं की सरळ फुल थ्रॉटल.” निळ्या हेडलाही हे लागू नाही. पाण्याचं तापमान ६०-६५ अंशांवर आल्याशिवाय पूर्ण पॉवर द्यायची नसते. आणि आमच्याकडे होतं जुनं हेड, एकदा आवळलेला पिस्टन आणि त्याचा हा सल्ला. टेकऑफच्या सुरुवातीलाच, शंभर-दीडशे फुटांवर, जिथून मागे वळता येत नाही आणि पुढे सपाट जागा नाही, तिथे ते थांबलं असतं. भावोजींनी हे ऐकलं आणि गाळ्याचं शटर ओढून खाली बसले. त्यांच्या मुलीने पहिली फेरी माझी म्हणून सांगून ठेवलं होतं.

मग बाकीचं एकेक निघत गेलं. कॉम्प्रेशन इतकं छान कसं आलं? प्लगच्या भोकातून थोडं तेल आत सोडलं की ते रिंगांभोवती पसरून फट बुजवतं आणि गेजवर आकडा चढतो. गॅरेजवाल्या कुणालाही हे माहीत असतं. म्हणून कॉम्प्रेशन बघायचं असेल तर प्लग तुमच्या हाताने काढा, टोकं तेलाने ओली आहेत का पाहा, आणि इंजिन पूर्ण तापवून नंतर गेज लावा. स्टँडवर दोन मिनिटं आयडलवर चालवलेलं इंजिन काहीच सिद्ध करत नाही. प्रोपेलर लावून, भार देऊन, दोन्ही सिलिंडरच्या एक्झॉस्टचं तापमान बघत ते चाललं पाहिजे. ५८२ ला ते ६५० अंशांच्या वर जाता कामा नये, आणि दोन्हींत मोठा फरक पडला तर एका बाजूचं मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असं धरा. कार्बोरेटर बसतो ते रबरी सॉकेट जुनं होऊन तडकलं की तिथून हवा शिरते आणि नेमकं हेच होतं.

सगळ्यात वाईट होता क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने गोल फिरणारा मुख्य दांडा. ५८२ चा क्रँक दाबून जोडलेल्या तुकड्यांचा असतो, बेअरिंगांसकट. टू-स्ट्रोकमध्ये त्या बेअरिंगना तेल मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं, ५० भाग पेट्रोलला १ भाग. इंजिन नुसतं पडून राहिलं की ती तेलाची फिल्म उतरते आणि दमट हवा आत शिरते. आपल्या खाडीकाठी, ऐरोली असो, वाशी असो की कळवा, पावसाळ्यात लोखंडाची काय अवस्था होते ते सांगायला नको. आमच्या क्रँकच्या बेअरिंगना गंजाचे खड्डे पडले होते, हाताने फिरवताना खरखर जाणवत होती. डायल गेज लावला तर शाफ्ट सरळही फिरत नव्हता.

इथेच ‘फक्त चाळीस तास’ या शब्दांचा खरा अर्थ लागतो. ५८२ चं ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) ३०० तासांनी किंवा ५ वर्षांनी, यांतलं जे आधी येईल तेव्हा. ९१२ साठी २००० तास किंवा १५ वर्षं, आणि त्यातले रबरी पाइप दर ५ वर्षांनी बदलायचे. म्हणजे दहा-बारा वर्षं पडून राहिलेलं, शून्य तासांचं, डब्यातून न काढलेलं ५८२ सुद्धा ओव्हरहॉलला आलेलं इंजिन आहे. तास कमी म्हणून जो जास्त पैसे मागतो, त्याला आधी साल विचारा. नंतर ते कुठे आणि कसं ठेवलं होतं ते विचारा.

लॉगबुक काकांनी संध्याकाळी शांतपणे वाचलं. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एका बैठकीत लिहिल्यासारख्या. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याला ठरावीक उड्डाणं दाखवलेली. कोकणपट्टीच्या जुलैत, उघड्या कॉकपिटच्या विमानाची, नियमित! ‘क्रँक बदलला’ अशी एक नोंद होती. पार्ट नंबर नाही, बिल नाही, सही करणाऱ्याचा परवाना क्रमांक नाही. इंजिनावर ठोकलेल्या क्रमांकाचे आकडे एकसारख्या खोलीचे नव्हते आणि त्याभोवतीचा धातू घासलेला होता. अधिकृत वितरकाकडे तो क्रमांक पाठवला. उत्तर आलं की हा क्रमांक ५८२ चा नाही. ही चौकशी ईमेलने होते आणि तिला पैसे पडत नाहीत. ती व्यवहाराच्या आधी करा. विक्रेता क्रमांकाचा फोटो पाठवायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याचा आवाज तसाच गोड होता. आधी म्हणाला, “तुम्ही खोललंत ना, आता वॉरंटी नाही.” मग म्हणाला, निम्म्या किमतीत परत घेतो. त्यानंतर फोन लागेना. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहिला, तो भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. न्हावा शेवाच्या कस्टम्समधून सोडवल्याचं म्हणून त्याने जे बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सचा कागद) दाखवलं होतं, ते कस्टम्सच्या आइसगेट संकेतस्थळावर सापडलं नाही. या दोन्ही गोष्टी मोबाइलवर कुणालाही तपासता येतात.

दरम्यान दुसऱ्या एकाने सुचवलं की कशाला परदेशी इंजिनाच्या नादी लागता, मारुती जिप्सीचं बसवून देतो, पार्ट ठाण्यात कुठेही मिळतील. मोटारीचं इंजिन विमानात बसवणं हा स्वतः फसवणुकीचा प्रकार नाही; सुझुकीची इंजिनं परदेशात लोकांनी रिडक्शन ड्राइव्ह (इंजिनाचा वेग कमी करून प्रोपेलरला देणारी जोडणी) लावून वर्षानुवर्षं चालवली आहेत. पण मोटार रस्त्यावर आपल्या ताकदीचा थोडासाच हिस्सा वापरते, विमान चढताना पूर्ण आणि नंतर तासन् तास तीन चतुर्थांश ताकद मागतं. प्रोपेलरची ओढ आणि पिळाची कंपनं क्रँकने सोसायची, इग्निशन एकच, वरून सगळं बॅटरीवर अवलंबून. रिडक्शनचं डिझाइन कुणी केलं, किती तास चालवून पाहिलं, याचं कागदावर उत्तर मागितल्यावर ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

पेट्रोलबद्दलही लिहायला हवं, कारण तो विक्रेता त्याविषयीही “कुठलंही टाका” असंच म्हणाला होता. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. रोटॅक्स ९१२ मालिकेलासुद्धा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी वेगळं होतं, आणि जुन्या रबराच्या नळ्या, फायबरच्या टाक्या यांना ते सोसत नाही. टू-स्ट्रोकमध्ये तर तेल पेट्रोलमधूनच येतं, तेव्हा तळाचा तो थर इंजिनात गेला की बेअरिंगला तेल मिळत नाही. चाचणीसाठी थोडं इंधन बाटलीत घेऊन त्यात मोजून पाणी घाला, हलवून ठेवा. पाण्याची पातळी वाढलेली दिसली तर तेवढं इथेनॉल आहे.

पोलिसांत तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली. बयाणा ऑनलाइन गेला होता म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही नोंद केली. तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकी खात्यातली रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. रंग लागलेले बोल्ट, गॅस्केट, पिस्टन, लॉगबुक, सगळ्याचे तारखेसह फोटो काढून ठेवले आणि इंजिन उघडताना पंच म्हणून शेजारच्या गाळ्यातले दोघे बोलावले होते, त्याचा तक्रारीत फार उपयोग झाला.

निम्म्या किमतीत परत देण्याचा त्याचा प्रस्ताव आम्ही नाकारला. काही नातेवाईकांना तो वेडेपणा वाटला. पण ते इंजिन त्याच्याकडे गेलं असतं तर पुन्हा एमरी, पुन्हा रंग, आणि पुढच्या कुणाच्या तरी विमानावर. ते आता सुटं होऊन, पुराव्याच्या चिठ्ठ्या लावून गाळ्यातच आहे. तपास संपला की क्रँककेस करवतीने कापणार आहोत.

त्याच गोदामाच्या भिंतीपुढे काढलेला आणखी एका निळ्या हेडच्या ५८२ चा फोटो गेल्या आठवड्यात विक्रीच्या जाहिरातीत दिसला. तासही चाळीसच. गेल्या दोन-तीन वर्षांत नवी मुंबईतून असं इंजिन घेऊन ज्यांनी ते बसवलं असेल, त्यांनी पुढचं स्टार्ट करण्याआधी एक्झॉस्ट सोडून पिस्टन पाहावा आणि हेडच्या बोल्टखाली रंग आहे का ते बघावं. रंग सापडला तर ते इंजिन सुरू करू नका, आणि पोलिसांत तक्रार देताना आमच्या तक्रारीचा उल्लेख नक्की करा.