ब्रेक पॅड ‘ओरि.’, १ सेट

"साहेब, ओरिजिनल टाकू की लोकल?" गॅरेजवाल्याने हे विचारलं आणि विषय ब्रेकचा असला की बहुतेक लोक "ओरिजिनलच टाका" म्हणतात. मीही म्हटलं. पैसेही ओरिजिनलचेच मोजले. गाडीत बसलं ते मात्र लोकलसुद्धा म्हणता येणार नाही असं काहीतरी. लोकलला निदान स्वतःचं नाव असतं.

गोष्ट पुण्यातली आहे. गॅरेजचं नाव देत नाही. गाडीचं मॉडेलही सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. पेट्रोलवरची साधी हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, एवढं पुरे.

पावसाळ्याच्या तोंडावर गाडी सर्व्हिसिंगला टाकली. पुढचे पॅड संपत आले होते, हे खरं होतं. त्याने चाक काढून दाखवलं. दुपारी फोन आला, "कंपनीचे पॅड मागवलेत, बसवून टाकतो." संध्याकाळी गेलो तेव्हा गाडी धुऊन पुसून उभी होती आणि काउंटरवर कंपनीचं खोकं. लोगो, होलोग्राम, ‘फ्रंट ब्रेक पॅड सेट’ अशी छापील चिठ्ठी, पार्ट नंबर, सगळं जागच्या जागी. बिलबुकावर पेनाने लिहिलेलं बिल मिळालं: ब्रेक पॅड ओरि. १ सेट, १,८५० रुपये. ऑइल फिल्टर ओरि.; ऑइल; लेबर. खोकं घरी नेतो म्हटलं तर म्हणाला, "कचरा कशाला नेताय साहेब?" मग मी खोक्याचा मोबाईलवर फोटो काढला. तो खोकं हातात धरून उभा राहिला. हा फोटो पुढे उपयोगी पडला.

सुरुवातीला ब्रेक दाबला की चिरका आवाज यायचा. "नवीन आहेत, घासून बसतील," असं फोनवर उत्तर मिळालं. नव्या पॅडना डिस्कवर नीट बसायला थोडं चालवावं लागतं, हे खरंच आहे, त्यामुळे त्या उत्तरात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शहरात गाडी थांबतही होती. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत ब्रेकला तापायला वेळच मिळत नाही.

ताम्हिणीत मिळाला. मुळशीकडून घाट उतरत होतो, मागे आई, रस्ता ओला, पुढे पर्यटकांच्या गाड्या. निम्मा उतार झाला आणि पेडल दगडासारखं कडक लागायला लागलं, पण गाडीचा वेग काही उतरेना. जळकट वास सुटला. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर संशय ब्रेक ऑइलवर जातो: ते उकळलं असेल, त्यात हवा शिरली असेल किंवा कुठे गळती असेल. पेडल वरच, कडक, आणि तरी गाडी धरत नाही, असं घाटात तापल्यावर झालं तर बहुधा पॅडवरच्या घर्षणाच्या मसाल्याची पकड गेलेली असते. अशा वेळी पाय दाबून धरण्यात अर्थ नसतो, ते आणखी तापतात. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, इंजिनावर वेग तोडला, हॅझर्ड लावले आणि जागा दिसली तिथे बाजूला घेतली. आईने काही विचारलं नाही, फक्त पुढच्या सीटची कड घट्ट धरून ठेवली होती. ब्रेक गार होईपर्यंत थांबलो आणि उरलेला उतार दुसऱ्या गिअरमध्येच उतरलो. निजामपूर मागे टाकून रखडत माणगाव गाठलं.

माणगावच्या मेस्त्रीने चाक काढलं, पॅड हातात घेतला आणि मलाच विचारलं, "दादा, हे काय टाकलंय?" पॅड म्हणजे एक लोखंडी पट्टी आणि तिच्यावर दाबून, चिकटवून बसवलेला घर्षणाचा मसाला. माझ्या एका पॅडचा मसाला कोपऱ्यातून पट्टीपासून सुटला होता, त्याने नखाने उचकटला तर तुकडाच हातात आला. पट्टीच्या पाठीवर ना नाव, ना नंबर. बऱ्याच चांगल्या पॅडवर दोन अक्षरांचा एक कोड असतो, ‘ई’, ‘एफ’ अशा इंग्रजी अक्षरांचा. पहिलं अक्षर थंड असताना पकड किती ते सांगतं, दुसरं गरम झाल्यावर किती. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. हा कोड म्हणजे दर्जाचं प्रशस्तिपत्रक नव्हे, पण बनवणाऱ्याने मसाला तापवून तपासला होता एवढं तरी त्यातून कळतं. माझ्या पट्टीवर नुसता काळा रंग होता, तोही उडालेला.

मग तो म्हणाला, "कंपनीचे पॅड इथे मिळणार नाहीत. हे ब्रेक बनवणाऱ्यांचेच आहेत, त्यांच्या नावाने विकतात. चालत असेल तर बघा." शेजारच्या दुकानातून सीलबंद खोकं आणलं, माझ्यासमोर फोडलं, पट्टीवरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवून दाखवला. ९५० रुपये, छापील बिल. त्या पॅडवर गाडी अजून चालते आहे, घाटही उतरते.

म्हणजे पुण्यात ओरिजिनलचे पैसे घेऊन मला भंगार बसवलं आणि माणगावात "हे कंपनीचे नाहीत" असं तोंडावर सांगून निम्म्या पैशात चांगला माल दिला. गाडीच्या बाबतीत आपण ओरिजिनल विरुद्ध लोकल असा वाद घालत बसतो, पण खरी दरी या दोघांमध्ये नाहीच. गाडीची कंपनी ब्रेक, क्लच, फिल्टर, प्लग, बेअरिंग सहसा स्वतः बनवत नाही. ते बनवणारे वेगळे असतात: बॉश, राणे, ब्रेक्स इंडिया, व्हॅलिओ, एक्सेडी, माहले, एनजीके, एसकेएफ, गॅब्रिएल. यातला काही माल तर आपल्या चिंचवड-चाकणमध्येच बनतो. हे लोक गाडीच्या कंपन्यांना माल देतात आणि स्वतःच्या खोक्यात बाजारातही विकतात. दोन्ही खोक्यांतला माल प्रत्येक वेळी हुबेहूब एकच असतो असं नाही, मसाला किंवा तपासणी वेगळी असू शकते. पण स्वतःच्या नावावर विकणाऱ्याला ते नाव राखायचं असतं. डुप्लिकेटवाल्याला राखायला काहीच नसतं, तो दुसऱ्याच्या नावावर जगतो. म्हणून त्याला ओरिजिनलचं खोकं लागतं. ज्याला मागणी आहे आणि ज्याचा भाव जास्त आहे, त्याचीच नक्कल होते.

पुण्यात परतल्यावर गाडीच्या कंपनीच्या अधिकृत स्पेअर काउंटरवर गेलो आणि तो फोटो दाखवला. मला वाटत होतं होलोग्राम खोटा निघेल. काउंटरवरच्या मुलाने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "खोकं आमचंच आहे." मग पार्ट नंबर संगणकात टाकला. नंबर पॅडचाच होता, पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या, मोठ्या गाडीच्या पॅडचा! माझ्या गाडीत ते पॅड बसूच शकत नाहीत. म्हणजे कधीतरी दुसऱ्या कुणाच्या गाडीला खरे पॅड बसले होते आणि रिकामं खोकं जपून ठेवलं होतं, माझ्यासारख्यांना दाखवायला. एमआरपी किती होती ते फोटोत दिसत नव्हतं, नेमका तिथेच त्याचा अंगठा होता. माझ्या गाडीच्या खऱ्या पॅडची एमआरपी १,६४० निघाली. १,८५० हा आकडा त्याने कुठून आणला कोण जाणे.

"होलोग्राम बघून घ्या" हा सल्ला सगळे देतात. तो खोक्यापुरता खरा आहे. होलोग्राम, क्यूआर कोड, लोगो हे सगळं पुठ्ठ्यावर असतं, आणि आपल्या गाडीत पुठ्ठा बसत नाही. सील आपल्यासमोर फुटलं पाहिजे, आत निघालेल्या वस्तूवरचं नाव-नंबर खोक्याशी जुळलं पाहिजे, आणि तो नंबर आपल्याच गाडीचा आहे हे आधी कळलेलं असलं पाहिजे. अधिकृत काउंटरला फोन करून गाडीचा चासी नंबर दिला तर बहुतेक ठिकाणी पार्ट नंबर आणि एमआरपी दोन्ही सांगतात. जुना पार्ट आपला असतो, तो मागून घ्यावा. रिकामं खोकं गॅरेजमध्ये न सोडता फाडून टाकावं. ऑइलच्या डब्याचंही तेच, झाकण आणि डबा दोन्ही निकामी करून द्यावेत.

ऑइल फिल्टरही मग काढायला लावला. सकाळी इंजिन सुरू करताना थोडा वेळ टकटक व्हायची, तिकडे आधी लक्ष गेलं नव्हतं. फिल्टर कापून पाहिला तर आतली रबरी झडप कडक होऊन वाकडी झालेली. इंजिन बंद झाल्यावर ऑइल फिल्टरमधून खाली उतरू नये म्हणून ही झडप असते. ती धरत नसेल तर सकाळी पहिले काही क्षण इंजिन कोरडं फिरतं. कागदाच्या घड्याही विरळ होत्या, पण फिल्टरची फार चर्चा करत नाही. जीव घाटात ब्रेकवर होता.

डिस्कवर चर पडले होते. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याखाली ती वापरायची नसते. व्हर्नियरने मोजली, थोडी शिल्लक होती, म्हणून लेथवर मारून भागलं.

गॅरेजमध्ये गेलो तेव्हा आधी "दुकानातून आलं तसं बसवलं" असं उत्तर मिळालं. दुकानाचं बिल दाखवा म्हटलं, तर नाही. मग "पोराने चुकून बसवलं असेल". मग मी फोटो आणि सुटलेला मसाला टेबलावर ठेवला, तेव्हा पॅडचे आणि फिल्टरचे पैसे परत देतो म्हणाला. लेथचा आणि माणगावचा खर्च द्यायला नकार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी आधी लेखी नोटीस द्या, मग जिल्हा ग्राहक आयोगात जा, असं सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. नोटिशीला मी बिलाची प्रत जोडली. ‘ओरि.’ त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कखाली खोटा माल विकणं हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते, हेही एका ओळीत लिहिलं. उरलेले पैसे आले. गाडीच्या कंपनीलाही फोटो पाठवला होता, तिथून तक्रार नोंदवल्याचा मेल आला, पुढे काही कळलं नाही. गॅरेज चालू आहे, गर्दीही असते.

ही गोष्ट सोसायटीत सांगितल्यावर एकाने त्याच्या बंपरची कहाणी सांगितली, आणि ती जास्त लोकांना लागू पडेल. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा धरतात, म्हणजे निम्मे पैसे आपल्या खिशातून जातात. गॅरेजने बिल कंपनीच्या बंपरचं लावलं आणि बसवला लोकल, तर विमा कंपनीसोबत आपणही फसतो, पण "क्लेममध्ये होतंय ना" म्हणून कुणी आत वाकून बघत नाही. बंपरच्या आतल्या बाजूला बनवणाऱ्याची खूण आणि नंबर असतो. गाडी ताब्यात घेताना टॉर्च मारून बघावा.

माझं स्वतःचं आता असं आहे: वायपर, एअर फिल्टर, बल्ब, बॅटरी, ब्रेक पॅड, शॉकअब्सॉर्बर हे नामांकित बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातले घेतो. टायमिंग बेल्ट, सेन्सर, एअरबॅगशी संबंधित काहीही असेल तर अधिकृत काउंटरवरून, आणि ते स्वतः जाऊन आणतो. गॅरेजवाल्याला त्याची पार्टमागची कमाई सुटते, म्हणून लेबर थोडं वाढवून मागतो. देतो मी ते. बसवण्याचे पैसे उघड घेतले तर माझी तक्रार नाही.

नाना पेठेत पार्ट घ्यायला गेलं की पक्कं बिल मागितल्यावर एक वाक्य ठरलेलं असतं, "बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा लागेल." एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार ते खोक्यावर छापावंच लागतं, सोबत बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि उत्पादनाचा महिना-वर्षही. मी खोकं उलटं करून ती ओळ दाखवतो. काही दुकानदार हसून बिल करतात, काही "आमच्याकडे हा पार्टच नाही" म्हणून खोकं परत आत ठेवतात. मग मी पुढच्या दुकानात जातो.