पोस्टग्रेसमधील वर्णक्रम: प्रणालीची लायब्ररी की आयसीयू?

महापे येथील आमच्या कार्यालयात पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीतील एकच क्वेरी (माहिती मागवणारी आज्ञा) मॅकवर ‘वाशी’ आधी दाखवत होती आणि लिनक्स सर्व्हरवर ‘ऐरोली’. रोमन लिपीतील या नोंदींत वाशीचे पहिले अक्षर मोठे होते आणि ऐरोलीचे लहान. मॅकने निव्वळ बाइट्सच्या क्रमाने मोठे अक्षर पुढे ठेवले होते. आम्ही सोर्स कोडवरून तयार केलेल्या पोस्टग्रेसच्या बिल्डमध्ये दोष शोधण्यात दोन दिवस गेले, ते उगाचच.

वर्णक्रमासाठी, म्हणजे मजकूर कोणत्या क्रमाने लावायचा यासाठी, ऑपरेटिंग प्रणालीच्या लायब्ररीवर विसंबण्यात वेगळे काही बसवावे लागत नाही, एवढीच सोय आहे. मात्र २०१८ मध्ये ग्लिबसी या लिनक्सवरील लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली आणि वर्णक्रमच बदलला. त्यामुळे जुन्या क्रमाने रचलेला मजकुराचा इंडेक्स (ओळी झटपट शोधण्यासाठीची सूची) डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती ९ वरून १० वर जाताच चुकीचा ठरू शकतो, टेबलात असलेली ओळ क्वेरीला सापडत नाही आणि एररही येत नाही. अशा वेळी रीइंडेक्स करण्यावाचून गत्यंतर नसते.

आयसीयू ही युनिकोड मजकूर हाताळणारी स्वतंत्र लायब्ररी. तिची आवृत्ती सारखी ठेवली, तर मॅक, विंडोज आणि लिनक्स या तिन्हींवर क्रम एकच मिळतो. आवृत्ती बदलल्यास येथेही इंडेक्स पुन्हा बांधावे लागतात, पण पोस्टग्रेस ती नोंदवून ठेवते आणि तफावत दिसताच इशारा देते. पोस्टग्रेस १५ पासून संपूर्ण डेटाबेससाठी आयसीयू निवडता येते. १६ पासून सोर्सवरून बिल्ड करताना ती न सापडल्यास ‘कॉन्फिगर’ ही बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट थांबते. तेव्हा कंटाळून ती वगळण्याचा पर्याय देण्यापेक्षा तिचे डेव्हलपमेंट पॅकेज बसवणे मला श्रेयस्कर वाटते.