कोर्दोबाचा व्हियाना पॅलेस: बारा चौक, एक बाग आणि तिकीट कोणतं घ्यावं

स्पेनमधल्या कोर्दोबाचे पातिओ, म्हणजे घरांच्या आतले फुलांनी सजवलेले चौक, म्हटलं की सगळे मे महिन्यातल्या चौक-सजावटीच्या स्पर्धेचं नाव घेतात. १९२१ पासूनची ती स्पर्धा, आणि हा पातिओंचा उत्सव २०१२ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही आहे. प्रवेश फुकट, पण घरं राहती. दुपारी दारं बंद, आत एका वेळी मोजकी माणसं आणि बाहेर लांब रांग. निवांत बघायचं असेल तर व्हियाना पॅलेस या जुन्या वाड्याला तोड नाही. बारा चौक आणि एक बाग, तीही वर्षभर खुली (सोमवार सोडून).

तिकिटं दोन प्रकारची: फक्त चौक, किंवा चौक आणि वाड्याच्या खोल्या. खोल्या गाइडबरोबरच बघता येतात. नक्षीदार चामड्याचं काम आणि भिंतीवरचे विणलेले पडदे यांची आवड असेल तरच दुसरं घ्या. एरवी चौकांचं पुरेसं आहे. दीड तास सहज जातो.

पहिल्याच चौकात खांबांची रांग कोपऱ्यात तुटलेली दिसेल. घोडागाडी वळावी म्हणून तिथला खांब मुद्दाम गाळला आहे. पुढे गजांच्या खिडक्यांचा चौक. तिथं लिंबूवर्गीय झाडं भिंतीला चिकटवून, फांद्या आडव्या बांधून वाढवलेली आहेत. हे तंत्र बागकाम करणाऱ्यांनी जवळ जाऊन बघावंच: झाड जागा अडवत नाही आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतीची ऊब त्याला मिळते. माळ्यांच्या चौकातली निळ्या चित्रकाची भिंत उन्हाळ्यात बहरते. आमच्या मते सगळ्यात जिवंत मात्र मांजरांचा चौक. पूर्वी इथं भाडेकरू कुटुंबं राहत; भिंतभर कुंड्या आहेत. अशा उंच कुंड्यांना शिडी न लावता पाणी घालायची इथली युक्ती म्हणजे लांब बांबूच्या टोकाला बांधलेला पत्र्याचा डबा. वरच्या कुंडीवर तो कलता केला की पाणी बरोबर मुळाशी पडतं.

वेळ सकाळचीच गाठा. रात्रीची गार, जड हवा उंच भिंतींच्या आत साचून राहते आणि ऊन जमिनीपर्यंत उतरायला उशीर लागतो. त्यात पाणी मारलेली जमीन आणि कुंड्यांची ओल. सूर्य माथ्यावर आला की हा गारवा मोडतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, शिवाय दारंही लवकर बंद होतात.

संत्र्याच्या मोहराचा वास हवा असेल तर मार्चअखेर ते एप्रिल. मेच्या पहिल्या पंधरवड्यात फुलं भरपूर, पण गर्दीही तितकीच. जमीन बऱ्याच ठिकाणी गोट्यांची, ओली झाली की निसरडी. पातळ तळव्याच्या चपला नकोत, आणि व्हीलचेअर असेल तर कोणते चौक जमतील ते तिकीट घेतानाच विचारा.