मेमटेस्ट८६ प्लस : असेंबल्ड पीसी फॉरमॅटला देण्याआधी हे चालवा

पीसी अधूनमधून निळी स्क्रीन दाखवतो, दर वेळी एरर कोड वेगळा. गेम मध्येच बंद पडतो, नुकतीच उतरवलेली झिप फाइल करप्ट निघते. अशी लक्षणं असली की पहिला संशय रॅमवर घ्यायचा. पण दुकानात बहुतेकदा विंडोज फॉरमॅट मारून मिळते आणि दुखणं तसंच राहतं.

मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारं टूल फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि विंडोजच्या बाहेर, थेट पेन ड्राइव्हवरून चालतं. पासमार्क कंपनीचं मेमटेस्ट८६ वेगळं. त्याच्या फुकट आवृत्तीत तपासणीच्या चारच फेऱ्या मिळतात, इथे मर्यादा नाही. जुन्या पेन ड्राइव्हवर २०१३ ची ५.०१ आवृत्ती असेल तर काढून टाका, युईएफआय (नव्या बोर्डांवरचा बायोस) बूट २०२२ च्या ६.०० पासून आला. पेन ड्राइव्ह बूटच होत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर बूट होऊ न देणारं सेटिंग) बंद करून बघा.

आधी एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) चालू ठेवूनच चालवा, कारण पीसी रोज त्याच सेटिंगवर चालतो. किमान चार फेऱ्या होऊ द्या. १६ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर रात्री लावून ठेवणंच बरं. एररची एक जरी ओळ आली तरी रॅम नापास. 'एकच तर एरर आहे' म्हणून सोडू नका, त्याच एका बिटाने विंडोजची फाइल बिघडते.

एरर आली की एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवा. आता स्वच्छ निघाली तर स्टिक (रॅमची पट्टी) बहुधा ठीक आहे, तिला तो वेग झेपत नाही. बायोस अपडेट करा, नाहीतर वेग उतरवा, उदाहरणार्थ ३६०० वरून ३४०० वर या. चार स्टिक लावल्या असतील तर कारण तिथेच शोधा: रायझन ७००० वर चार डीडीआर५ स्टिकना एएमडीचा अधिकृत वेग फक्त ३६०० आहे, मग खोक्यावर ६००० छापलेलं असो.

एक्सएमपी बंद करूनही एरर येतच असेल तर एकेक स्टिक ए२ स्लॉटमध्ये, म्हणजे बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरकडून दुसऱ्यात, लावून तपासा. मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. एरर स्टिकबरोबर फिरली तर स्टिक खराब. स्लॉटलाच चिकटून राहिली तर कूलर काढून सॉकेटमध्ये वाकलेली पिन बघा, कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळलेले नव्हते ना तेही बघा. डीडीआर५ असेल तर स्टिक बदलल्यावर काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते. ते मेमरी ट्रेनिंग आहे, घाबरून पॉवर बंद करू नका.

या टूलची मोठी उणीव म्हणजे 'पास'वर पूर्ण विसंबता येत नाही. ग्राफिक्स कार्ड तापलेलं नसतं, एसएमपीएसवर (पीसीच्या पॉवर सप्लायवर) भार नसतो, त्यामुळे काठावरची रॅम इथे सुटते आणि गेममध्ये पडते. म्हणून पास झाल्यावर प्राइम९५ या ताण देणाऱ्या टूलची लार्ज एफएफटी चाचणी तासभर तरी चालवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (बिघाडांच्या नोंदवहीतल्या) नोंदींपैकी कर्नल-पॉवर ४१ फक्त पीसी नीट बंद झाला नाही एवढंच सांगतो. त्यावरून एसएमपीएस बदलायला धावू नका. डब्ल्यूएचईए-लॉगर १८ मात्र गांभीर्याने घ्या, तो प्रोसेसरकडे बोट दाखवतो.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल, रॅम स्वच्छ असेल आणि तरी गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणत पडत असेल, तर ऑगस्ट २०२४ नंतरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) असलेला बायोस टाका. आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने सुधारत नाही. अशा प्रोसेसरवर इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, तो बदलून घ्या.

रॅम बदलायची असेल तर एररच्या ओळींचा फोटो बिलासोबत जोडा, आणि किटमधली (एकत्र विकलेल्या जोडीतली) एकच स्टिक खराब निघाली तरी दोन्ही पाठवा.