एक नागपुरी उन्हाळा काढल्यानंतर: फोनच्या बॅटरीचा अनुभव

मागच्या दिवाळीत घेतलेला फोन नागपूरचा एक अख्खा उन्हाळा काढून आता पावसाळ्यात आलाय, म्हणून लिहायला बसले. फोन नवा असताना बॅटरीबद्दल लिहिण्यात अर्थ नसतो, तेव्हा सगळ्यांचीच झकास चालते. आपल्याकडे खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते. फोन मधल्या किमतीचा अँड्रॉइड आहे, ५,००० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरीचा. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, कारण खाली लिहिलेलं जवळजवळ सगळं कुठल्याही फोनला लागू पडतं.

माझा वापर आधी सांगते, म्हणजे तुलना करता येईल. गृहकर्जासाठी घरांचं मूल्यांकन करणाऱ्या ऑफिसात मी साइट इंजिनिअर आहे. दिवसभर स्कूटीवर. सकाळी बेसा, दुपारी हिंगणा, तिथून कामठी रोडला एखादा फ्लॅट. प्रत्येक ठिकाणी जीपीएस कॅमेऱ्याने, म्हणजे फोटोवर जागेचा शिक्का उमटवणाऱ्या अ‍ॅपने, फोटो काढायचे, जागेवरूनच अपलोड करायचे, मधल्या वेळात मॅप आणि कॉल सुरूच. वर उन्हात काही दिसत नाही म्हणून स्क्रीन कायम पूर्ण ब्राइट. गेम नाही, रील्स फारशा नाहीत, तरी बॅटरीचा घाम निघतो.

आधीच्या फोनची पाठ दुसऱ्याच उन्हाळ्यात उचलली गेली होती. सीताबर्डीवर, मोदी नंबर तीन या मोबाइल दुकानांच्या गल्लीत दाखवायला नेला. दुकानदाराने तो काचेच्या काउंटरवर उताणा ठेवला, एका कोपऱ्यावर हलकं बोट टेकवलं, तर फोन डुगडुगला. म्हणाला, "ताई, बॅटरी फुगून राहिली. मे लागला का असे लय येतात आमच्याकडे. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीतले तर विचारूच नका." मग फटीत प्लास्टिकचं कार्ड घालून स्क्रीन उघडली, आतली चपटी बॅटरी उशीसारखी टम्म झालेली दाखवली. ते पाहिल्यावर नव्या फोनच्या बाबतीत काय करायचं ते मी नीट वाचून, समजून ठरवलं.

ठरवलं ते असं: दिवसभर चार्ज कसा पुरेल हा एक प्रश्न आणि बॅटरी तीन-चार वर्षं कशी टिकेल हा दुसरा. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले पहिल्या प्रश्नाचे असतात. नागपुरात दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण इथे बॅटरी अ‍ॅपमुळे कमी आणि तापमानामुळे जास्त मरते.

यामागचं कारण थोडं सविस्तर लिहिते, कारण ते कळलं की बाकीच्या सवयी आपोआप लागतात. आपल्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती चार्ज करण्यासाठी साधारण ० ते ४५ अंश ही मर्यादा धरली जाते, आणि हे तापमान खुद्द बॅटरीचं, हवेचं नव्हे. आता आपला मे आठवा. सावलीतलाच पारा ४४-४५ ला असतो. २३ मे २०१३ रोजी तर इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. म्हणजे दुपारी फोन नुसता टेबलावर पडून असला तरी तो त्या मर्यादेला टेकलेला असतो. चार्जर लावला की आतून उष्णता निर्माण होते, आणि ती बाहेर टाकायची म्हटलं तर बाहेरची हवाच तेवढी गरम. जाणार कुठे? मग फोन चार्जिंग एकदम हळू करतो किंवा थांबवतो. लोक म्हणतात चार्जर बिघडला. चार्जर ठीक असतो, फोन स्वतःला वाचवत असतो. अ‍ॅपलने आपल्या उपकरणांसाठी स्पष्ट लिहून ठेवलंय की ३५ अंशांपेक्षा जास्त तापमानाच्या जागी वापर टाळा, बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते. आपल्याकडे ३५ तर मार्चमध्येच ओलांडतो.

दुसरा भाग चार्जच्या पातळीचा. बॅटरी १०० टक्क्यांवर असते तेव्हा तिचं व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं आणि आतली रसायनंही सगळ्यात अस्वस्थ. त्यात उष्णता मिळाली की इलेक्ट्रोलाइटचं (बॅटरीतल्या रासायनिक द्रवाचं) विघटन वाढतं, क्षमता कायमची घटते, वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावर एक तक्ता आहे. बॅटरी वर्षभर नुसती ठेवून दिली तर किती क्षमता उरते, याचा. २५ अंशांत ४० टक्के चार्जवर ठेवलेली ९६ टक्के उरते, पूर्ण भरून ठेवलेली ८० टक्के. ४० अंशांत हेच आकडे ८५ आणि ६५. वापर शून्य असताना! हा तक्ता पाहिल्यावर रात्रभर १०० टक्क्यांवर लावून ठेवायची पद्धत मला तरी परवडण्यासारखी वाटेना.

म्हणून पहिल्याच आठवड्यात सेटिंगमध्ये जाऊन ८० टक्क्यांची मर्यादा लावली. सॅमसंग, पिक्सेल, आयफोन १५ पासून पुढचे आयफोन आणि इतरही बऱ्याच फोनमध्ये आता ही सोय आहे. बॅटरी प्रोटेक्शन, चार्जिंग लिमिट अशा नावांनी सापडते. सुरुवातीला वाटलं की ५,००० पैकी हजार एमएएच हातचे सोडतोय, दिवस कसा निघणार. हिवाळ्यात निघाला, आरामात. संध्याकाळी घरी येते तेव्हा २५-३० टक्के शिल्लक असायचे. उन्हाळ्यात तंग झालं, त्याबद्दल पुढे सांगते. ज्या दिवशी रामटेक किंवा काटोलकडे लांबची साइट असते, त्या दिवशी मर्यादा काढते आणि निघायच्या थोडं आधी १०० होईल असं पाहते. १०० टक्के चार्ज करणं हे पाप नाही. १०० वर तासन् तास गरमीत राहू देणं वाईट.

सगळ्यात जास्त फरक मात्र चार्जिंगची वेळ बदलल्याने पडला, आणि हा सल्ला मला कुठेही वाचायला मिळाला नव्हता. मे महिन्यात रात्री अकरा वाजता आपल्या स्लॅबखालच्या खोलीत भिंतीला हात लावून पहा, तव्यासारखी तापलेली असते. त्याच वेळी सगळे जण फोन चार्जिंगला लावतात, तोही उशीखाली किंवा गादीवर. मी पहाटे लावायला लागले. आई पाच वाजता उठते, पाणी भरायच्या आधी माझा फोन चार्जिंगला लावते, मी निघेपर्यंत ८० झालेला असतो. चोवीस तासांतली ती सगळ्यात थंड वेळ. अ‍ॅक्युबॅटरी नावाचं अ‍ॅप बॅटरीचं तापमान दाखवतं, त्यात पाहिलं तर रात्री चार्ज होताना ४२-४३ पर्यंत जाणारा आकडा पहाटे ३६-३७ च्या पुढे जात नव्हता. फोन तोच, चार्जरही तोच. कूलरची हवा येते त्या खोलीत फरशीवर ठेवला तर आणखी बरं, फक्त कूलरच्या जाळीला टेकवून ठेवू नका, पाण्याचे शिंतोडे येतात. चार्ज करताना कव्हर काढते. आणि तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवायचं तर मनातही आणू नका; बाहेर काढला की आत दव धरतं आणि बोर्डच जातो.

डिक्कीत फोन ठेवणं बंद म्हणजे बंद. सीटच्या खाली एका बाजूला इंजिन, वरून ऊन, हवा खेळायला जागा नाही. हँडलच्या होल्डरवर लावून मॅप बघत जाणंही उन्हाळ्यात सोडलं. ऊन थेट काळ्या काचेवर पडतं, जीपीएस सुरू, स्क्रीन पूर्ण ब्राइट, डेटा सुरू. वर्धा रोडने पंधरा-वीस मिनिटांत फोन इतका तापायचा की स्क्रीन आपोआप अंधूक व्हायची आणि मग मॅप दिसायचाच नाही. आता पत्ता आधी नीट पाहून घेते, ब्लूटूथचा एक कानातला लावते, मॅप बोलतो तेवढं ऐकते आणि फोन पर्समध्ये, पाठीकडच्या बाजूला. सगळे चौक पाठ झाले हा वरचा फायदा.

आता दिवसभर पुरण्याबद्दल. यात दोन गोष्टी खरोखर कामाच्या निघाल्या.

एक, नेटवर्क. बॅटरी पेजवर पाहिलं तेव्हा मोबाइल नेटवर्कचा हिस्सा माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा होता. सिग्नल कमजोर असेल तर फोनचा मॉडेम (सिग्नल पकडणारा भाग) टॉवरपर्यंत पोहोचायला जास्त ताकद लावतो, सारखा शोधत राहतो. एअरटेलने ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू केलं तेव्हा पहिल्या आठ शहरांत नागपूर होतं, त्यामुळे धरमपेठ-सदरला काही अडचण नाही. पण हिंगण्याच्या पुढे, उमरेड रोडच्या नव्या लेआउटमध्ये फोन ५जी-४जी असा झोके घेत राहतो. शहर सोडलं की मी नेटवर्क मोडमध्ये ४जी निवडते; फोटो अपलोड व्हायला ४जी पुरेसं आहे. आणि बेसमेंट पार्किंगचं माप घ्यायला उतरताना सरळ एअरप्लेन मोड. चारी बाजूंनी आरसीसी, तिथे सिग्नल येणारच नसतो, फोन मात्र जिवाच्या आकांताने शोधत बसतो. जीपीएस एअरप्लेन मोडमध्येही चालतं, पण बेसमेंटमध्ये तेही लागत नाही, म्हणून जागेच्या शिक्क्याचा फोटो वर गेटवर काढून घ्यायचा.

दोन, स्क्रीन. डार्क मोडबद्दल खूप उलटसुलट बोललं जातं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ साली ओलेड स्क्रीनच्या (जिचा काळा भाग उजळतच नाही अशा) फोनवर मोजून पाहिलं: ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असेल तर डार्क मोडने सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचते, पूर्ण ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७ टक्के. म्हणजे एसीत बसून फोन वापरणाऱ्याला फरक जाणवणार नाही, माझ्यासारख्या उन्हात उभं राहून स्क्रीन पाहणाऱ्याला भरपूर जाणवेल. मला जाणवला. एलसीडी स्क्रीन असेल तर यातलं काही मिळत नाही, मागचा दिवा जळतच असतो. रिफ्रेश रेट (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) १२० वरून ६० केला, ऑलवेज-ऑन डिस्प्ले बंद केला. स्क्रोल करताना पहिले दोन दिवस थोडं अडखळल्यासारखं वाटतं, मग डोळे सरावतात.

बाकी किरकोळ: लोकेशन परवानगी "अ‍ॅप वापरताना" एवढीच, व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो डाउनलोड बंद (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभात व्हिडिओ हाच एक मोठा खर्च होता), न लागणारी अ‍ॅप झोपवलेली. रिसेंटमधून (नुकत्याच उघडलेल्या अ‍ॅपच्या यादीतून) सगळी अ‍ॅप सारखी सरकवून बंद करायची सवय अनेकांना असते, ऑफिसातल्या एका दादांचा अंगठा तर दिवसभर तेच करतो. त्याने काही वाचत नाही. अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहाइमर यांनी २०१६ सालीच सांगितलंय की उलट थोडं बिघडूही शकतं, कारण बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडावं लागतं. बॅटरी सेव्हर मी कायम लावून ठेवत नाही. मेल उशिरा येतात आणि बँकेचा माणूस साइटवर वाट बघत उभा राहतो.

तक्रारीही आहेत. ८० टक्क्यांची मर्यादा आणि मेमधली दुपार हे गणित जमत नाही. पूर्ण ब्राइटनेस, तापलेला फोन. चार वाजेपर्यंत २० टक्क्यांवर यायचा. मग पॉवर बँक लागतेच, आणि ती पर्समध्ये फोनला चिकटून चार्ज करत राहिली तर दोन्ही तापतात. मी साइटवरून परत ऑफिसात आले की एसीत बसून अर्धा तास साध्या १० वॅटच्या पोर्टने लावायचे. फास्ट चार्जिंगची सोय सेटिंगमधूनच बंद केली होती, ती पावसाळ्यात परत सुरू केली. वायरलेस चार्जिंगचे पॅड आता बरेच जण घेतात. त्यात वीज उष्णतेच्या रूपाने जास्त वाया जाते, त्यामुळे आपल्या भागात जून लागेपर्यंत तरी ते बाजूला ठेवलेलं बरं.

निकाल विचाराल तर अ‍ॅक्युबॅटरी सध्या अंदाजे ४,८०० एमएएच क्षमता दाखवतंय. हा अंदाज रोज थोडा वर-खाली होतो, त्यावर शपथ घ्यावी असा आकडा नाही. फोनची पाठ सपाट आहे, पाऊस सुरू झाल्यापासून रात्री नऊलाही ३० टक्के उरतात. आधीचा फोन पहिल्या उन्हाळ्यानंतरच संध्याकाळी चार्जर मागायला लागला होता, ती वेळ या फोनवर अजून आलेली नाही.

ज्यांचं काम पूर्ण वेळ ऑफिसात, एसीत आहे त्यांना यातलं निम्मं करायची गरज नाही. ८० ची मर्यादा लावा आणि विसरून जा. ज्यांचा फोन जुना आहे आणि पाठ किंवा स्क्रीन जराशी उचललेली दिसतेय, त्यांनी यातली एकही युक्ती करत बसू नका. दाबून बसवायचा प्रयत्न नको, चार्जिंगला लावायचं नाही, बंद करून आजच दुकानात न्या आणि काढलेली बॅटरी घंटागाडीत न टाकता ई-कचऱ्यात द्या. नवी बॅटरी टाकायला मार्च उजाडायची वाट पाहू नका, हिवाळ्यातच बदलून घ्या.