मित्र जेवायला आहेत: बोर्दो की बर्गंडी?

चार मित्र, एक निवांत जेवण आणि खिशाला झेपेल अशी एकच उंची फ्रेंच रेड वाइन: बोर्दो प्रांताची की बर्गंडीची? दोन्ही मी एकाच टेबलावर बऱ्याचदा उघडल्या आहेत, त्यावरून सांगतो. तुमची जीभ वेगळं म्हणाली तर तिचंच ऐका.

निवडायला बोर्दो सोपी, यात वाद नाही. शातोचं, म्हणजे वाइन बनवणाऱ्या इस्टेटीचं नाव आणि साल पाहिलं की काम झालं. बोर्दोतल्या मेदोक भागाच्या शातोंची १८५५ ची प्रतवारी आजही जवळपास तशीच टिकून आहे. शातो मूतों रोथशिल्डला १९७३ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत घेतलं, तो गाजलेला अपवाद. बर्गंडीत मात्र मळ्याचं नाव वाचून भागत नाही. क्लो द वूजो हा जेमतेम ५० हेक्टरांचा मळा, आणि त्यात वाटेकरी ऐंशीच्या आसपास. लेबलवर मळा तोच, वाइन मात्र एकाची देखणी, दुसऱ्याची पाणचट. त्यामुळे तिथे आधी उत्पादकाचं नाव बघायचं, मग बाकीचं.

एवढं असूनही माझा कल बर्गंडीकडे झुकला तो बोर्दोच्या एका खोडीमुळे: ती ताटकळत ठेवते. काबर्ने द्राक्ष जास्त असलेली तरुण पोयाक, म्हणजे मेदोकमधल्या पोयाक गावची वाइन, उघडली की पहिल्या घोटाला हिरड्या आवळतात. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा, लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. एक मैत्रीण घोट घेऊन काही बोललीच नाही, सरळ पावाकडे वळली. डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून वापरायच्या रुंद सुरईत आधीच ओतून ठेवावी म्हटलं, तर किती आधी याचं उत्तर बाटलीगणिक बदलतं. शेवटी चीज आलं तेव्हा ती खुलली: ब्लॅककरंट, देवदार, शिसपेन्सिल तासल्यावर येणारा तो वास. अप्रतिमच होती, पण मुख्य पदार्थाच्या ताटल्या केव्हाच उचलल्या गेल्या होत्या. जुनी बाटली घ्यावी तर तिचा साका असतो. आदल्या दिवशी उभी करून ठेवा, उजेडासमोर धरून हळूहळू ओता. तोवर यजमान गप्पांतून बाहेर.

बर्गंडीतल्या शांबोल-म्युझिन्यी गावच्या वाइनचं तसं नाही. तिच्या पिनो न्वार द्राक्षाची साल पातळ, टॅनिन कमी. बूच काढा, ओता. चेरीचा वास लगेच येतो आणि ओल्या पाचोळ्याचा थोड्या वेळाने. किंचित गार, १४ ते १६ अंशांवर दिली तर अधिकच छान. सॅमन मासा असो, बदक असो की मशरूम, तिचं सगळ्यांशी जमतं. बाटली सगळ्यात आधी संपते ती हीच, निदान माझ्या टेबलावर तरी.

कोकराची भाजलेली तंगडी असेल तर मात्र बर्गंडी दबते. त्या दिवशी बोर्दोच घ्या, पण नदीच्या उजव्या तीराची, म्हणजे पोमरॉल किंवा सांतेमिलियों. मर्लो द्राक्ष जास्त असल्याने ती जरा लवकर बोलकी होते. एरवी चांगल्या उत्पादकाची, गावाच्या नावाने येणारी बर्गंडी पुरे. ग्रां क्रूच्या, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या मळ्यांच्या बाटल्यांच्या मागे उगाच लागू नका. कोवळ्या वयात त्याही बोर्दोइतक्याच तोंड मिटून बसतात.